पाणी येतं, कचरा जातो

मुलुंडला आमच्या इमारतीत पहाटे पाचच्या सुमारास पाणी येतं. तळाच्या टाकीत धार पडायला लागली की आई अर्धवट झोपेत पुटपुटायची, "आलं बाई एकदाचं." रात्रपाळी संपवून घरचंच कुणी परतावं, तसा तिचा सूर असायचा. आठाच्या आत सफाईवाला दाराशी ठेवलेला डबा रिकामा करून नेतो आणि कचरा जातो. आमचा दिवस या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी सुरू होतो. पाणी येतं, कचरा जातो.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं पूर्ण आहेत. कर्ता आहे, क्रियापद आहे, अर्थ कळतो. पण 'पाहुणे आले' म्हटलं की शेजारीण लगेच विचारते, कुठून? 'ते गेले' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, कुठे? (हे दुसरं विचारताना आवाज जरा खाली येतो, ते सोडा.) पाण्याला आणि कचऱ्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाण्याचा उगम नळात आणि कचऱ्याचा शेवट डब्यात, इथे आपला भूगोल संपतो. पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या अन्यायाबद्दल बोलताना आपण हाव, लोभ, धूर ओकणारे कारखाने असे मोठे खलनायक उभे करतो. ते असतातही. पण मला दिवसेंदिवस असं वाटायला लागलं आहे की या अन्यायाला खलनायकाची फारशी गरजच पडत नाही. रोजच्या वाक्यांतून 'कुठून' आणि 'कुठे' एवढे दोन शब्द गळाले की बाकीचं आपोआप होतं.

आधी 'कुठून' पाहू.

1860 मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं, त्यानंतर तुळशीचं. हे दोन्ही तलाव शहराच्या अंगणातले. शहराची तहान वाढली तशी ती अंगण ओलांडून बाहेर पडली. 1892 मध्ये शंभरएक किलोमीटरवर, शहापूर तालुक्यात, तानसा नदीवर अडीच किलोमीटरहून लांब दगडी बांध उभा राहिला. मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि अगदी अलीकडे, 2014 मध्ये, मध्य वैतरणा. आज मुंबईला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या घरात पाणी लागतं. विहार-तुळशीचा त्यातला वाटा चमचाभर. बाकी सगळं ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून येतं, आणि त्यात शहापूर आणि त्याला लागून असलेलं रान यांचा भार सर्वांत मोठा.

या शहापुरात पाऊस कमी पडत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरत नाही, ओढ्यांनी धावत खाली जातं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसायला लागतो. मग टँकरची यादी तयार होते. बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात, झऱ्यावर वाटीने पाणी भरतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण या तालुक्याबद्दल इतक्यांदा छापून आली आहे की ती आता कुणाला बोचत नाही. गुळगुळीत झालेल्या म्हणीचा हाच उपयोग असतो.

एका निवृत्त अभियंत्याला मी हे एकदा विचारलं होतं. सज्जन माणूस, आयुष्य पाणीखात्यात गेलेलं. ते म्हणाले, "यात अन्याय वगैरे काही नाही हो. पाणी उताराने जातं. तलाव खाली आहेत, पाडे वर आहेत. मुंबईला बरंचसं पाणी स्वतःच्या वजनाने येतं, पाड्यावर ते उपसून चढवावं लागेल." बोलणं खरं होतं. घरी येईपर्यंत मला ते पटलेलंही होतं. मग लिफ्टजवळ उभा असताना पंप सुरू झाला. तळाच्या टाकीतलं पाणी चौदाव्या मजल्यावरच्या गच्चीवर चढायला लागलं, जसं ते रोज चढतं. परळ-वरळीला तर ते साठ मजले चढतं. म्हणजे पाणी चढवता येत नाही असं नाही. चढ हा पाड्याच्या बाबतीत निसर्गाचा नियम होतो आणि आमच्या बाबतीत वीजबिलातली एक ओळ होते. तालुक्याच्या गावपाड्यांसाठी इगतपुरीकडच्या भावली धरणाचं पाणी उताराने आणायची योजना आखावी लागली, हे वाचून तर मला हसावं की काय करावं कळेना. उशाशी एवढे जलाशय असलेल्या तालुक्याला दुसऱ्या जिल्ह्यातलं धरण शोधावं लागलं.

माणशी किती पाणी लागतं याचेही सरकारी आकडे ठरलेले आहेत. मुंबईत इमारतीत राहणाऱ्याला दिवसाला 135 लिटर, झोपडपट्टीत राहणाऱ्याला 45 लिटर. खेड्यात जलजीवन मिशनच्या हिशेबाने 55. डोक्यावरच्या हंड्यात दहा-बारा, फार तर पंधरा लिटर मावतात. माझ्या एकट्याच्या वाट्याचं पाणी डोक्यावरून आणायचं ठरवलं तर रोज दहा खेपा. मी ते कधी आणलेलं नाही. पाइपाने आणलेलं आहे, आणि पाइपाची खासियत अशी की त्याला मान नसते, गुडघे नसतात, त्यामुळे आणणाऱ्याचे हाल दिसत नाहीत.

इथे एक शब्द आठवतो. सत्तरच्या दशकात मुंबईत मृणाल गोऱ्यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे. गोरेगावच्या वस्त्यांत नळ यावा म्हणून त्या भांडल्या, हंडामोर्चे काढले, आणि लोकांनी प्रेमाने दिलेलं ते बिरुद पुढे आयुष्यभर त्यांच्या नावाला चिकटलं. 2015 च्या आसपास हाच शब्द शहापूर तालुक्यातल्या एका पाड्याच्या बातम्यांत पुन्हा दिसला. तिथे काही घरांत पाणी भरायला हात कमी पडतात म्हणून दुसरं-तिसरं लग्न करून बाई आणली जाते, आणि ती पाणीवाली बाई. परदेशी छायाचित्रकारसुद्धा येऊन गेले. एकाच भाषेत, एकाच जलवाहिनीच्या दोन टोकांना, एका शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. एका टोकाला पाणी मागणारी बाई पुढारी होते, दुसऱ्या टोकाला पाणी वाहणारी बाई हंड्यासारखी घरात आणली जाते.

आता त्याच जलवाहिनीच्या कडेने शहरात येऊ. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार अशी ती येते. तिच्या दोन्ही अंगांना वर्षानुवर्षं झोपड्या होत्या. पाण्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या या लोकांच्या घरी नळ असेलच असं नाही, हा मुंबईचा जुना विनोद. जलवाहिनीच्या सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायचं ठरलं. कारण चुकीचं नव्हतं. कोट्यवधी लोकांचं पिण्याचं पाणी, त्याला धोका नको. झोपड्या हटल्या. माणसं गेली.

कुठे? माहुलला.

माहुल हे मूळचं कोळ्यांचं गाव, खाडीच्या काठावरचं. 1950 च्या दशकात त्याच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आले, नंतर खतांचा कारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या साठवणटाक्या. या सगळ्यांच्या अगदी कुशीत प्रकल्पग्रस्तांसाठी 72 इमारती बांधल्या गेल्या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्येच नोंदवून ठेवलं होतं की माहुल-आंबापाडा भागातली हवा रहिवाशांच्या आरोग्याला घातक आहे. जलवाहिनीवरून उठवलेली कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने पाठवली गेली ती 2017 मध्ये. कागद आणि तारखा शेजारी ठेवल्या की कधी कधी वेगळी टिप्पणी करायची गरज उरत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये शेजारच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा त्या इमारतींतले लोक जिने उतरून पळाले. ऑक्टोबरपासून ते विद्याविहारला, जिथून उठवलं होतं तिथेच, पदपथावर येऊन बसले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की घर मिळालं पण श्वास घेता येत नाही. पुढे 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यासाठी महिना 15,000 रुपये द्या. 2020 मध्ये हरित लवादाने त्या परिसरातल्या चार कंपन्यांना मिळून 286 कोटी रुपयांची भरपाई ठोठावली.

मोकळ्या झालेल्या जागेचं काय ठरलं, तेही सांगितलं पाहिजे. जलवाहिनीच्या कडेने, मुलुंडपासून धारावीपर्यंत, 39 किलोमीटरचा सायकल मार्ग महापालिकेने आखला. शहराची हवा सुधारावी, लोकांनी मोटारी सोडून सायकली चालवाव्यात म्हणून. पर्यावरणस्नेही प्रकल्प. मला सायकल आवडते आणि या योजनेत कुणाचा दुष्ट हेतू होता असंही मी म्हणत नाही. पण शुद्ध हवेच्या रस्त्यासाठी आखलेल्या जागेवरची माणसं मुंबईतल्या अतिशय घाण हवेत पोचली होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या कारभारात, एकाच काळात झाल्या. 'पर्यावरण' या शब्दाने एका टोकाला सायकल दिली आणि दुसऱ्या टोकाला दमा. हिवाळ्यात शिवडी-माहुलच्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. कॅमेरे घेऊन आम्ही बघायला जातो. फोटोत मागे टाक्या येऊ नयेत म्हणून जरा बाजूला सरकून उभं राहावं लागतं, एवढं मी अनुभवाने सांगतो.

कचऱ्याचं 'कुठे' शोधायला माहुलहून फार लांब जावं लागत नाही. कुर्ल्याहून चेंबूरला जाणारा लोहमार्ग 1906 मध्ये टाकला गेला तो कचऱ्यासाठी. माणसांना त्या मार्गावर बसायला मिळालं 1924 मध्ये, म्हणजे कचऱ्यानंतर अठरा वर्षांनी. जुने लोक त्या भागाला कचरापट्टी म्हणत. देवनारची क्षेपणभूमी, तिला तिथले लोक नुसतं 'डम्पिंग' म्हणतात, 1927 पासून चालू आहे. कचऱ्याचे डोंगर अठरा-वीस मजल्यांएवढे झाले. जानेवारी 2016 मध्ये त्यांना आग लागली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. त्या दिवशी प्रथमच आमच्याही शाळा-कचेऱ्यांत देवनारची चर्चा झाली, कारण धूर आमच्या खिडकीत आला होता. गोवंडीच्या खिडकीत तो त्याआधीही होता.

या एका कोपऱ्यात शहराने काय काय पाठवलं आहे ते आठवून बघा. कचरा, कत्तलखाना, तेल, खत, इस्पितळांचा कचरा जाळणारी भट्टी. आणि माणसंही. 1976 मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडून हजारो लोकांना चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकलं. त्या कॉलनीतले कितीतरी जण आधीच शहराच्या आतल्या भागातून उठवून तिथे आणलेले होते. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या विभागांत तळाला होता तो हाच एम-पूर्व विभाग. जिथे कचरा जातो तिथेच माणसं पाठवली जातात आणि जिथे पाठवलेली माणसं राहतात तिथे पुढचा कचरा पाठवणं सोपं जातं. यात पहिलं काय आणि दुसरं काय, हे शंभर वर्षांनी वेगळं काढता येत नाही.

मी मुलुंडचा. आमच्याकडेही डम्पिंग होतं. वास यायचा, आम्ही अर्ज केले, सभा घेतल्या, 2018 मध्ये ते बंद झालं आणि आम्हाला आनंद झाला. आता कचरा आमच्याकडे येत नाही, कांजूरला जातो. हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की लिहिताना थांबलो. वाक्यात या वेळी 'कुठे' होतं, पण दोन-तीन स्टेशनांपर्यंतच. गोवंडीच्या लोकांनी वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध लढा दिला, 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत हलवायला सांगितलं. योग्यच झालं. हलवायची जागा ठरली रायगड जिल्ह्यात. जिंकणाऱ्यालाही शेवटी तेच क्रियापद वापरावं लागतं.

मराठीत या जागेला फार जुनं नाव आहे. गावकुसाबाहेर. गावाचं मेलेलं जनावर जिथे ओढून न्यायचं ती जागा, आणि ते ओढण्याचं काम ज्यांच्यावर लादलं त्यांची वस्ती, दोन्ही कुसाबाहेर. घाण आणि माणूस यांची एकत्र बाहेर रवानगी करण्याची ही रीत मुंबईत कुणी इंग्रजांकडून शिकलेलं नव्हतं. पाण्याचंही तेच. विहीर आत, तिचा वाटा बाहेरच्यांना नाही. पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीचा इतिहास सांगताना जगभर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचं नाव घेतात. 1982 मध्ये तिथल्या वॉरन काउंटीत, कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त होती अशा ठिकाणी, विषारी माती आणून पुरायला लोकांनी विरोध केला. माझी तक्रार नाही. पण 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, ते आपल्या मुलांना समाजसुधारणेच्या धड्यात शिकवलं जातं. पर्यावरणाच्या पुस्तकात त्यांना झाडं लावा आणि नळ बंद करा एवढंच मिळतं. त्या तळ्याचं पाणी जनावरांना, पक्ष्यांना खुलं होतं. माणसांतल्या काहींनाच नव्हतं. पाणी, हवा आणि जमीन कुणाच्या वाट्याला कशी येते हा पर्यावरणाचा प्रश्न असेल, तर महाड हा त्याचा आपल्याकडचा पहिला धडा असायला हरकत नाही.

म्हणूनच 'माणसाने पृथ्वीची वाट लावली' हे वाक्य मला अडखळायला लावतं. दर 5 जूनला ते कुठे ना कुठे ऐकू येतं. यातला माणूस कोण? शहापूरची हंडा वाहणारी त्यात आहे का? डम्पिंगवर प्लास्टिक वेचणारी? 'माणूस' म्हटलं की सगळे एका रांगेत उभे राहतात आणि मग दोष सगळ्यांत सारखा वाटला जातो, पाणी मात्र 135 आणि 45 असंच वाटलं जातं.

देशादेशांत हाच वाद आहे. साधारण भारतीय माणसामागे वर्षाला दोनेक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकन माणसामागे त्याच्या सातपट. 1992 मध्ये रिओला सगळ्या देशांनी मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही. नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांसाठी वेगळा निधी असावा, एवढं ठरायला 2022 साल उजाडलं. आपण अशा जागतिक सभांत हक्काने बोलतो आणि बोलायलाच हवं. फक्त एक गोष्ट मनात ठेवून बोलावं. ती दोन टनांची सरासरी कमी आहे ती माझ्यामुळे नाही. माझ्या घरात दोन वातानुकूलन यंत्रं आहेत. सरासरी खाली ओढून धरण्याचं काम ती शहापूरची बाई करते, गाडी नसल्याने, फ्रीज नसल्याने, डोक्यावर हंडा असल्याने. आंतरराष्ट्रीय सभेत तिची गरिबी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून जाते. तिला त्याचं भाडंसुद्धा मिळत नाही.

मग जबाबदारी म्हणजे काय करायचं? मला पृथ्वी वाचवण्याची भाषा झेपत नाही, पृथ्वी फार मोठी आहे. पण फायदा आणि तोटा एका अंगणात आणून ठेवता येतात, हे या राज्यात करून दाखवलेलं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मालकीवर मिळायचं नाही, घरातल्या माणसांवर मिळायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. ज्याला ऊस गोड लागतो आणि ज्याची त्यामुळे विहीर आटते ते दोघं एकाच बैठकीत समोरासमोर बसलेले असले की ऊस आपोआप कडू होतो. त्या पंचायतीत हुशारी होती ती या बैठकव्यवस्थेत. मुंबईची अडचण अशी की आमची बैठक तानसाच्या काठावर कधी भरतच नाही. आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर आणखी एक धरण बांधायचं चाललं आहे. झाडं जातील, काही गावं जातील. ती कुठे जातील हे आधी ठरावं आणि त्यांच्या नळाला पाणी आमच्या नळाच्या आधी यावं, एवढा ठराव आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडावा असं मनात होतं. त्या सभेत पार्किंगवर दोन तास गेले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नाशिकहून येताना आसनगावच्या पुढे आम्ही आडवाटेला लागलो होतो. रस्त्याच्या कडेने जलवाहिनी चालली होती, माणूस आत सहज उभा राहील एवढी जाड. एका ठिकाणी झडपेच्या सांध्यातून बारीक धार उडत होती. महापालिकेच्या हिशेबात अशा पाण्याला गळती म्हणतात. तिथे सात-आठ बाया रांगेत हंडे ठेवून बसल्या होत्या, घाई कुणालाच नव्हती. आमच्याकडची बाटली संपली होती म्हणून मी उतरून विचारलं, हे पाणी पिता येतं का. एका म्हातारीने माझ्याकडे, मग गाडीच्या नंबर प्लेटकडे पाहिलं.

"पी की," ती म्हणाली. "मुंबयचा पानी हाय. तुमचाच."

आणि माझी बाटली भरेपर्यंत तिने आपला हंडा बाजूला घेतला.